पाच तारखेचे साडेएकतीस हजार

२०२४ ला दसऱ्याच्या आठवड्यात आमचं होम लोन संपलं. २०१० ला ठाण्यात घोडबंदर रोडला हा टू बीएचके घेतला तेव्हा ३५ लाखांचं लोन होतं, वीस वर्षं मुदत, ९ टक्के व्याज, ३१,५०० हप्ता. पहिल्या हप्त्यातले २६,२५० नुसते व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं ५,२५० ने, ते स्टेटमेंट हातात धरून मी किचनमध्ये उभी राहून रडले होते ते अजून आठवतं. मग दोघांचा बोनस, माझ्या जुन्या पीएफचे पैसे, एक मॅच्युअर झालेली पॉलिसी, जे हाताला लागेल ते लोनमध्ये टाकत गेलो (आपल्यासारख्यांच्या फ्लोटिंग रेटच्या होम लोनला बँक प्रीपेमेंट चार्ज लावू शकत नाही, ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजच बघून घ्या) आणि वीस वर्षांचं लोन चौदा वर्षांत फेडलं.

त्या संध्याकाळी कोपिनेश्वराला जाऊन आलो, तलावपाळीवर लेकीने आइस्क्रीम खाल्लं, घरी सासूबाईंनी शिरा केला होता. नवरा म्हणाला, आता पुढच्या पाच तारखेला काही कटणार नाही बघ.

पैसे भरले म्हणजे काम संपलं असं मात्र नसतं, आमचे त्यात दोन महिने गेले म्हणून सांगते. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं, घराचे ओरिजिनल कागद म्हणजे ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), पावत्या सगळं मोजून परत घ्यायचं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, डिसेंबर २०२३ पासून, की लोन पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आमच्या बँकेने पन्नास दिवस 'येतायत मॅडम, येतायत' केलं, शेवटी मी हा नियम लिहून मेल टाकला तेव्हा चौथ्या दिवशी फोन आला की या आणि घेऊन जा. मग सोसायटीला पत्र देऊन रजिस्टरमधला बँकेचा बोजा काढला, सिबिलमध्ये लोन क्लोज्ड दिसतंय का ते बघितलं. ह्यातलं एकही पुढे ढकलू नका, घर विकायला काढल्यावर हे कागद शोधणं फार वाईट.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तीन महिने हप्ता गेला नाही म्हणजे खात्यात ९४,५०० जास्त दिसायला हवे होते. फेब्रुवारीत बघितलं तर ११ हजार जास्त. मी एका रविवारी स्टेटमेंट प्रिंट करून पेन घेऊन बसले आणि एकेक एंट्री बघत गेले, तर उधळपट्टी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. मिक्सर बिघडला तर दुरुस्त न करता नवा घेतला, लेकीच्या क्लासची फी हप्त्याने न भरता एकदम भरली, मामेबहिणीच्या लग्नात आहेर जरा मोठा केला, दोन-चारदा बाहेर जेवलो, नवऱ्याच्या बाइकचे दोन्ही टायर बदलले. सगळं लागणारंच होतं. पण प्रत्येक वेळी दोघांच्या मनात एकच वाक्य, की आता हप्ता नाहीये ना.

तेव्हा मला आमच्या बिल्डिंगमधली भिशी आठवली. बारा जणी, महिना दोन हजार, अकरा वर्षं चालू आहे आणि माझा एकही हप्ता चुकलेला नाही, लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचा पगार अर्धा येत होता तेव्हासुद्धा नाही. कारण ज्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर असतो त्या महिन्यात काकू माझ्या दोन हजारांची वाट बघत असतात, त्यांनी त्याच्यावर काहीतरी ठरवलेलं असतं. ईएमआयचंही तेच, चौदा वर्षं दर पाच तारखेला बँक वाट बघत होती. आणि आता ह्या साडेएकतीस हजारांची कुणीच वाट बघत नव्हतं, म्हणून ते ज्याने आधी हाक मारली त्याच्याकडे गेले.

म्हणून कुठे गुंतवायचे, किती टक्के मिळतात, हे आम्ही आधी बाजूला ठेवलं आणि लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं की ह्या पैशांची वाट कोण बघतंय आणि कधीपर्यंत. लेक, आता नववीत, कॉलेज जून २०२९ च्या आसपास. सासूबाई, वय ७२, त्यांना कधीही लागू शकतात. आम्ही दोघं, मी ४३ नवरा ४६, दोघंही प्रायव्हेटमध्ये, म्हातारपणी पुरेल अशी पेन्शन नाही. ही बिल्डिंग, पंधरा वर्षांची झाली. आणि नवऱ्याचं गावचं घर, राजापूरच्या अलीकडे, त्याचं छप्पर. छपराचं शेवटी सांगते.

सासूबाईंचं नाव पहिलं आलं, म्हणजे अडीअडचणीचा पैसा. घरखर्च आमचा महिन्याला ५८ हजार, त्याचे सहा महिने म्हणजे ३ लाख ४८ हजार, आणि हाताशी होते ९५ हजार. इतकी वर्षं आम्ही सगळं लोनमध्ये ओतत होतो आणि घरात सातेक आठवड्यांपुरतेच पैसे होते, हे लिहून काढेपर्यंत मला कळलंच नव्हतं, आणि कळल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून फेब्रुवारी ते सप्टेंबर आठ महिने अख्खे ३१,५०० तिकडेच टाकले, दुसरं काहीही सुरू केलं नाही. ह्या पैशाला व्याज किती हे मी बघितलं नाही, मिळायला किती वेळ लागतो ते बघितलं. थोडे सेव्हिंगला, बाकी स्वीप एफडी, लागले की आपोआप मोडते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून तीनदा मिळून रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) एक टक्क्याने खाली आणला त्यामुळे एफडीचे दर उतरले, तरी मी तिथेच ठेवलेत.

दोन वेगवेगळ्या बँकांत ठेवलेत, त्याला कारण आहे. सासऱ्यांच्या रिटायरमेंटचे पैसे काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेत अडकले होते, सासूबाई सकाळी सातला जाऊन त्या शटरसमोर उभ्या राहायच्या, त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. बँक बुडाली तर ठेवींवर विम्याचं संरक्षण माणशी एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतं, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. फेब्रुवारी २०२० च्या आधी तर ते १ लाखच होतं. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत, हे आमच्या घरात आता कुणाला सांगावं लागत नाही.

ऑगस्टमध्ये त्या धो धो पावसात सासूबाईंना दम लागला म्हणून ॲडमिट केलं, मेडिक्लेम आहे पण कॅशलेसचं अप्रूव्हल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं, तोपर्यंत ४० हजार डिपॉझिट भरा. मी मोबाइलवरून भरले आणि परत जाऊन आईंच्या पलंगापाशी बसले. एवढंच. आधी असं झालं असतं तर मी पॅसेजमध्ये उभी राहून भावाला फोन लावत बसले असते. डिस्चार्जनंतर डिपॉझिट परत आलं. (घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर आयुष्मानचं कार्ड काढून ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंत. मात्र हॉस्पिटल त्या यादीत आहे का ते आधी विचारायचं.)

ह्या वर्षभरात किती जणांना आमचं लोन संपल्याचं कळलं ते बघून मला आश्चर्य वाटलं. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरचा फोन, मॅडम आता तुमच्याकडे सरप्लस आहे तर एक छान प्लॅन आहे, वर्षाला ३ लाख, पाच वर्षं भरा. विचारलं हा इन्शुरन्स आहे का इन्व्हेस्टमेंट, तर म्हणे दोन्ही. घरी कागद वाचला, युलिप होता, पाच वर्षं हात लावता येत नाही आणि कव्हर फक्त तीस लाखांचं. माझा टर्म प्लॅन (नुसता विमा) वर्षाला जेवढं घेतो त्यात ह्याच्या तिप्पट कव्हर आहे. इन्शुरन्स कुणी गेलं तर मागे राहिलेल्यांसाठी आणि गुंतवणूक जिवंत असताना आपल्यासाठी, हे दोन पैसे एकत्र कालवले की दोन्हीकडे कमी पडतात, माझं हे मत आता पक्कं आहे. मी नाही म्हणून सांगितलं.

भावोजींना नाही म्हणणं जास्त अवघड गेलं. भाऊबीजेला आम्ही सगळे माझ्या भावाकडे नेरुळला होतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं होतं आणि जेवताना दुसरा विषयच नाही. भावोजी म्हणजे ताईचे मिस्टर, माणूस खरंच मनाने चांगला, आमच्या घराच्या डाउन पेमेंटला त्यांनी न मागता दीड लाख दिले होते ते मी कधी विसरणार नाही. ते म्हणाले, पनवेलच्या पुढे माझ्या ओळखीच्याचे प्लॉट आहेत, दोन गुंठे २२ लाखांत, अगं विमानतळ झालंय, अटल सेतू झालाय, आता नाही घेतलं तर कधी घेणार, आणि तुमचं लोनही संपलंय. मग मोबाइलवर हिशोब करून दाखवला, बघ, फायनान्स कंपनी देते, हप्ता पण ३१ हजारच्या आसपासच येईल, तुम्हाला सवयच आहे.

त्या वाक्याला माझा घास तोंडातच राहिला. सवय आहेच. पण ती सवय मोडायला चौदा वर्षं घालवली होती.

तरी मी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही, गट नंबर घेतला आणि घरी येऊन सात-बारा ऑनलाइन काढला. एका गटात चौदा नावं आणि जमीन जिरायत, म्हणजे एनए (बिनशेती) झालेलीच नाही, आणि आम्ही शेतकरी नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन अशी सरळ विकत घेता येत नाही, शिवाय तुकडेबंदीचा कायदा आहे, दोन गुंठ्यांचा तुकडा काढून तुमच्या नावावर वेगळा सात-बारा होईलच असं नसतं. विकणारा म्हणतो एनए नंतर करून देऊ. ज्याचा एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट आज हातात आहे आणि ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याने बघावं की, तिकडे जमिनींना भाव येतोय हे मला दिसतंय. पण आमच्या ह्या पैशांची वाट सासूबाई आणि लेक बघतायत, आणि दोन गुंठ्यांचा अर्धा गुंठा विकून कॉलेजची फी भरता येत नाही. मी भावोजींना फोन करून सात-बाराचं सगळं सांगितलं, ते जरा गप्प झाले, ताईचा नंतर फोन आला की त्यांना वाईट वाटलंय. मलाही वाटलंय. पण मी त्यांना त्यांचे टोकनचे ५० हजार परत मागायला सांगितलंय, कारण त्यांनी स्वतःसाठी पण एक बुक केलाय.

सोन्याचं थोडक्यात, २०२५ च्या धनत्रयोदशीला तोळ्याचा भाव सव्वा लाखाच्या वर होता, त्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. सासूबाईंच्या समाधानासाठी एक ग्रॅमचं नाणं आणलं, बस.

लेकीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक होणार होती. तिचं सुकन्या खातं २०१८ ला पोस्टात उघडलंय, महिन्याला हजार टाकत होतो. २०२५ ला ८.२ टक्के व्याज होतं, करमुक्त, सरकारी, त्यामुळे मला वाटलं वर्षाचे दीड लाख म्हणजे लिमिट आहे तेवढे सगळे इथेच टाकावेत. मग नियम वाचले, दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मीच रक्कम काढता येते, बाकीची खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी, म्हणजे आमच्या बाबतीत २०३९ ला (मधे लग्न झालं तर आधी). फी २०२९ ला लागणार आणि अर्धे पैसे ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत आत. व्याज बघून तिथेच ओतलं असतं तर कॉलेजच्या वेळी मी खात्यात पैसे असून कर्ज काढलं असतं. म्हणून सुकन्याला ४,००० आणि कॉलेजसाठी ६,००० ची साधी बँकेची आरडी, ४२ महिन्यांची, मे २०२९ ला संपेल अशी, २ लाख ८० हजारांच्या आसपास होतील. व्याज कमी आहे, त्यावर टॅक्सही आहे, पण फीच्या तारखेच्या आधी हातात पडेल.

सुकन्या आणि पीपीएफ दोन्हींत एक गोष्ट कित्येकांना माहीत नसते. व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जो कमीत कमी बॅलन्स असेल त्यावर धरतात, म्हणजे सहा तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. आमचा ईएमआय बरोबर पाच तारखेला कटायचा. आता मी सगळ्याची तारीख दोन ठेवलीये, पगार एकतीसला किंवा एकला येतो, दोनला सगळं बाहेर.

आमच्या म्हातारपणासाठी १०,००० ची एसआयपी (दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम), निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा), डायरेक्ट प्लॅन (मधे एजंट नाही). ह्यावर आमचं घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं, कारण नवऱ्याचं म्हणणं सगळं पीपीएफला टाकू, ७.१ टक्के, एप्रिल २०२० पासून तेवढंच आहे पण पक्कं तरी आहे. मी त्याला हिशोब मांडून दाखवला, आजचा ५८ हजारांचा खर्च ६ टक्के महागाई धरली तर पंधरा वर्षांनी १ लाख ३९ हजार होतो. दहा हजार महिना पंधरा वर्षं म्हणजे आपले १८ लाख, त्यावर ७ टक्के मिळाले तर ३१ लाख ७० हजारांच्या आसपास, १० मिळाले तर ४१ लाखांच्या वर. १० मिळतीलच असं मी त्याला म्हटलं नाही. उलट हे दाखवलं की २०२० मध्ये जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या वर होता तो २३ मार्चला ७,६१० ला आला आणि नोव्हेंबरपर्यंत परत वर गेला, पण २००८ ला पडला तेव्हा इतक्या लवकर सावरला नव्हता, कित्येक वर्षं गेली. त्याला विचारलं, आपले दहा लाख सहा लाख दिसले तर तू झोपशील का. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ते पैसे पंधरा वर्षं कुणी मागणार नसेल तर झोपेन. म्हणजे अडीअडचणीचे आणि कॉलेजचे वेगळे काढले म्हणूनच हा हो म्हणू शकला. त्याचं पीपीएफ खातं जसं आहे तसं चालू ठेवलंय.

डायरेक्ट का, तर रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन दर वर्षी फंडाच्या खर्चातून जातं, २०१३ पासून डायरेक्ट घेता येतो, फंड तोच. ज्याला स्वतः बघायला जमत नाही त्याने सल्लागाराला सरळ फी द्यावी, मला ते जास्त स्वच्छ वाटतं.

टॅक्सचंही इथेच सांगते. लोन होतं तोवर व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट आणि ८०सी मध्ये मुद्दल, म्हणून आम्ही जुन्या पद्धतीत होतो. लोन गेलं, वजावट गेली, दोघांनाही नवीन पद्धत फायद्याची, आणि तिथे ८०सी नाहीच. म्हणजे मार्चमध्ये घाईघाईत टॅक्स वाचवायला म्हणून काहीतरी घ्यायचं कारणच उरलं नाही. हे कळल्यावर मला फार मोकळं वाटलं.

उरलेल्यातले ४,५०० सोसायटीच्या नावाने दुसऱ्या आरडीत. पंधरा वर्षं झालेल्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, आमचं ह्या वर्षी झालं, टेरेस वॉटरप्रूफिंग आणि दोन बाजूंचं प्लास्टर निघालंय, माणशी लाखाच्या आत येईल असं सेक्रेटरी म्हणतायत. घर कर्जमुक्त झालं तरी घराचा खर्च संपत नाही, शेजारच्या विंगमध्ये कित्येकांनी त्यासाठी पर्सनल लोनची चौकशी सुरू केलीये ते ऐकून जीव कसनुसा झाला. २,००० टर्म आणि हेल्थ टॉप-अपच्या वर्षाच्या प्रीमियमसाठी बाजूला (२२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, रिन्युअलला बघून घ्या).

राहिले पाच हजार. मी म्हणत होते हे मोकळे ठेवू, मिक्सर, आहेर, बाहेरचं जेवण, जे आपोआप जातच होतं त्याला हक्काचे पैसे देऊ. नवरा वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसला. गावच्या घराची कौलं दर पावसाळ्यात सरकतात, वासे दोन ठिकाणी कुजलेत, गेल्या गणपतीला माजघरात तीन बादल्या लावल्या होत्या. चौदा वर्षं तो हे बोलला नाही कारण हप्ता होता. सासूबाईंनी आतून ऐकलं असणार, कारण चहा घेऊन आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की आंब्याचे वासे टिकत नाहीत, ह्या वेळी फणसाचे घ्या.

रविवारी गावाला फोन करून सुताराला अंदाज विचारायचाय.